हप्त्याचा स्वेटर

कुमुदने मांडीवरच्या स्वेटरची वीण सरसर उसवायला घेतली, तसा नवरा चहाचा कप हातात घेऊन थबकला.

“अगं, हे काय?”

“फ्रिजसाठी नवं कर्ज काढलं ना? मग तेवढ्या ओळी मागे जायचं.”

नियम तिचाच होता. घराचा हप्ता भरला की नवऱ्याच्या स्वेटरच्या दोन ओळी विणायच्या, आणि कर्ज फिटलं की तो घालून महाबळेश्वरला जायचं. काखेपर्यंत आलेला स्वेटर बघता बघता निम्म्यावर आला आणि तिचे डोळे भरले. “नाही होणार हे आपल्याच्यानं.”

त्याने उरलेला स्वेटर पोटाला लावून पाहिला. “माप कधीचं हे?”

“घराचं कर्ज काढलं तेव्हाचं.”

“स्कूटर विकून पायी जायला लागल्यापासून पट्ट्याला तीन नवी भोकं पाडलीत मी. हा घातला असता, तर महाबळेश्वरला लोकांना नुसता स्वेटर फिरताना दिसला असता!”

कुमुदला हसू फुटलं. उरलेला स्वेटरही तिने उसवून टाकला आणि मापाची टेप आणली.

“हात वर करा. आणि कर्ज फिटेपर्यंत अस्सेच बारीक राहा. पुन्हा उसवायची नाही मी.”