तार नसलेला माळ

रविवारी माझी लेक पुनम मला इंग्लंडातला एक मोठा माळ दाखवायला घेऊन गेली. नजर जाईल तिथवर जांभळी फुलं आणि पाठीवर लाल-निळ्या रंगाचे ठिपके मारलेली मेंढरं; कुठे तार नाही, फाटक नाही.

"आबा, हा माळ गावाच्या चराईचा आहे," पुनम म्हणाली. "प्रत्येक घराच्या मेंढरांचा रंग वेगळा. त्यांना इथून कुणीच हाकलू शकत नाही."

मी भारावून गेलो. फोटो काढून शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'माळ कसा राखावा, हे या लोकांकडून शिकावं.' पटापट अंगठे आले, जोडलेले हात आले.

त्या ग्रुपवर चुडामण ठेलारीही आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याची मेंढरं तीन पिढ्या आमच्या गायरानावर चरत होती. मी सरपंच झालो, बगीचा करायचा म्हणून गायरानाला तारेचं कुंपण घातलं आणि भर ग्रामसभेत त्याला सांगितलं, "मेंढरं घेऊन दुसरं गाव बघ." बगीचा काही झाला नाही. कुंपण आहे, माझ्या नावाची पाटी आहे.

परत गाडीत बसताना त्याचा अहिराणीत मेसेज आला. "काय म्हणतंय गाव?" पुनमने विचारलं. मी फोन तिच्यापासून वळवून मेसेज पुन्हा वाचला.


'आबा, तठला सरपंच देवमाणूस दिखस.'