अकरा मालकांची लॉरी

“दरवर्षी कुणीतरी ‘शेवटची’ लॉरी शोधत येतं, बाई,” भंगारवाला गॅसकटर पेटवत म्हणाला. “तुमच्या वडिलांनी चालवलेली असेल, तर घेऊन जा. नसेल, तर कापतो.” अकरा मालकांचा माग काढत एनिड एकोणीस वर्षांनी रॉचडेलच्या यार्डात पोचली होती. तिने चासीच्या नंबरावरचा गंज घासला, कागद दाबून पेन्सिल फिरवली. आकडे उमटले. शेवटचा बाबांच्या लॉरीच्या नंबराशी जुळेना. लॉरी बाबांची नव्हतीच. पण या जातीची दुसरी उरली नव्हती. तिने कागद चुरगळून खिशात कोंबला. “हीच आहे!” तोवर तिच्यासोबत आलेले नव्वदीचे बाबा काठी टाकून केबिनमध्ये चढून बसले होते. त्यांनी गिअर चाचपला. “माझी नाही गं ही,” ते मोठ्याने म्हणाले. एनिडने डोळे मिटले. “ऐकलंत?” भंगारवाला पुढे सरसावला. “उतरा, आजोबा.” बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. “कुणाची तरी आहेच ना? तो येईपर्यंत मी बसतो.”