हस्तिदंती फणी

कापसाला सोन्याचा भाव आलेला. मुंबईला निघताना गोऱ्या साहेबाने कुरळ्या केसांची चिमुकली कुत्री आणि हस्तिदंती फणी अमरावतीच्या दलालाकडे, किसनाजीकडे सोपवली. “हिचे केस झडत नाहीत. रोज विंचरा.” किसनाजीला हसू आले. उन्हाळा लागला की कुत्र्याचे केस आपोआप झडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ‘खास तुह्यासाठी मागवली’ म्हणून त्याने फणी बायकोला दिली. तिने हौसेने अंबाड्यात खोवली. कुत्री कापसाच्या गंजीवर लोळायची. तीन महिन्यांनी, साहेब परतायच्या दिवशी, किसनाजीने साहेबाच्याच न्हाव्याला कुत्री भादरायला बोलावले. सरकी अडकून गोधडी झालेले केस उतरताच चिघळलेली कातडी दिसली. “हिले कोनी विंचरलंच नाई?” न्हावी म्हणाला. “साहेब त रोज पांढऱ्या फणीनं विंचरे.” बायकोने अंबाड्यातली फणी काढून किसनाजीपुढे ठेवली. फणी दिसताच कुत्री शेपटी हलवत भादरलेली पाठ त्याच्याकडे करून बसली.