बाईंचं स्टूल

बावीस वर्षांत दत्तारामला साइटवर कुणी बसायला स्टूल दिलं नव्हतं. नव्या इंजिनिअर अनुपमाला येऊन जेमतेम दोन महिने झाले, तर साहेबांनी तिच्यासाठी स्टूल पाठवलं. वर छत्रीसुद्धा.

गोराई खाडीच्या चिखलात भोकं पाडून, त्यांत खडी ठासून खांब केले होते. पुढे त्यांच्यावर इमारती उभ्या राहायच्या होत्या. त्यातल्या एका खांबावर आज वाळूच्या गोण्यांचा ढीग रचला होता. खांब किती दबतो, ते आडव्या लोखंडी पट्टीला लावलेली सुई दाखवणार होती. बारा मिलिमीटरच्या पुढे गेली, की सगळी रांग उकरायची आणि अनुपमाने परत ऑफिसातलं टेबल गाठायचं. आजवर खांब पक्का की कच्चा, ते मुकादम दत्ताराम त्यावर टाच आपटून सांगायचा आणि साहेब मान डोलवायचे. आता साहेब आल्या आल्या विचारत, "अनुपमा, सुई काय म्हणते?"

"काका, नाक्यावरून साहेबांना फोन करून येते," अनुपमा म्हणाली. "सुई नऊवर आहे, लक्ष ठेवा हं. आणि स्टुलावर बसा."

"बसतो ना, म्याडम."

तिच्या स्टुलावर बसतोय कोण? तो पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकावर टेकला.

सुई तेरावर गेली.

दत्ताराम दचकून उठला. सुई नऊवर आली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पँट सावरून चांगला ऐसपैस बसला.

अनुपमा परतली, सुईपाशी वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"तेरा?"

"आम्ही कोण सांगणारे? सुई म्हणते ते खरं."

तिने वही उघडली. पेनाचं टोपण काही केल्या निघेना.

"खडी तुम्ही उभं राहून भरून घेतलीत, त्यात खोट नसणार. माझंच गणित चुकलं, काका. साहेबांना तसंच सांगते."

दत्ताराम खाडीकडे बघत राहिला. टोपण निघालं.

"लिहू नको," तो म्हणाला, आणि उठला. "आता बघ गो, बाय."

सुई नऊवर होती.

तिने सुईकडे पाहिलं, पट्टीच्या टोकाकडे पाहिलं. पाठ फिरवून उभ्या दत्तारामच्या पँटीवर गंजाचा आडवा पट्टा उठला होता, तोही पाहिला. वहीत नऊ लिहिलं. मग स्टूल उचलून त्याच्या मागे आणून ठेवलं.

"साहेब पाचला येतील. तोवर ह्याच्यावर बसा."