जास्तीचा काना

"तुमच्या पुदिन्याच्या मागं पाण्याची लाल टाकी दिसते. बघणाऱ्याला गाव ओळखता येईल."

तिनं ब्लॉगवर टाकलेल्या फोटोखाली पानगळ नावाच्या कुणीतरी लिहिलेलं हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. कप बशीत ठेवताना चहा सांडला. तिनं आधी फोटो उडवला आणि मगच टेबल पुसलं.

'कुंडीभर माती' हा ब्लॉग म्हणजे तिचा शेजारपाजार. कुणी कुंडीचा फोटो टाकायचं, मग खाली दिवसभर गप्पा चालायच्या. ती घरी बसून शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची, तिथंही सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून तिचं नाव पडलं वेलांटी. खरं नाव तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून ती या परक्या गावात आली होती आणि सख्ख्या बहिणीलाही तिनं पत्ता दिला नव्हता.

नवरा कधी ओरडायचा नाही. "कुठंही जा, मी येणार," असं तो सफरचंद कापता कापता हसत म्हणायचा. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

तिनं लगेच ब्लॉगवरच्या मोठ्या ताईंना खासगीत लिहिलं. नाव-पत्ता सोडून सगळं माहीत असलेलं माणूस एकच, ते म्हणजे ताई. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता, त्यामुळं फोनवर बोलणं नव्हतं. पण उत्तर कसं, हाकेसरशी.

"ताई, हा पानगळ कोण आहे हो? नवीनच आलाय. टाकी ओळखली त्यानं."

"मलाही परवापासून शंका येतेय. घाबरू नकोस. जेवलीस का?"

"घास उतरत नाही. तुम्ही जेवलात?"

"इथं जेवण झालं, भांडीही घासून झाली."

एवढ्या भीतीतही तिला हसू आलं. "ताई, तुमच्या घरी सगळं आपोआप होतं हो! चहा होतो, जेवण होतं, झाडांना पाणी घालून होतं. तुम्ही काही करताच नाही!"

"वयामुळं असं होत असेल गं," ताईंनी लिहिलं.

जरा बरं वाटावं म्हणून ती ब्लॉगवर गेली. तिथं खतवाल्या काकांनी रडका चेहरा टाकला होता. "गच्चीतली पपई नार निघाली. फळ धरायची नाही. उद्या उपटून टाकतो."

तिला राहवलं नाही. "काका, नार निघाली तर पेढे वाटा. तुम्हाला नर म्हणायचंय. काना जास्तीचा पडलाय."

"अहो, एका कान्यानं बाईचा बाप्या होतो की काय?"

"नुसता बाप्या? संसार बुडतो!"

सगळे हसले. ताईंनी टाळ्या वाजवणारे हात टाकले. ती पण हसत होती, तेवढ्यात पानगळचा खासगी निरोप आला.

"राग मानू नका. मोठ्या ताईंना तुम्ही प्रत्यक्ष भेटलायत का? कुणीच भेटलेलं दिसत नाही. तुम्ही एकट्या राहता का?"

 तिनं त्याला ब्लॉक केलं आणि निरोप जसाच्या तसा ताईंना पाठवला.

ताईंचं उत्तर या वेळी थोडं उशिरा आलं. "हा तोच. तुला तुझ्या माणसांपासून तोडायला बघतोय. टाकी ओळखली म्हणजे तो गावात असणार. आता एकटं राहायचं नाही. माझी बॅग भरून तयार आहे, पत्ता मिळाला की निघणं होईल."

तिनं पत्ता लिहिला. शेवटी मजला लिहिला, डावीकडचं दार लिहिलं. पाठवल्यावर तिला रडू फुटलं. किती दिवसांनी कुणीतरी तिच्यासाठी येणार होतं.

पण ताई येईपर्यंत काय? दुपार सरता सरेना. तिनं दोन्ही कड्या लावल्या आणि टेबल ओढून दाराला टेकवलं. दाराला बाहेर बघायचं भिंग बसवून देतो असं घरमालक कधीपासून म्हणत होता, बसवलं नव्हतंच. प्रुफं पुढ्यात घेतली, पण एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. जिन्यात पाऊल वाजलं की लाल पेन घट्ट धरायची. पाऊल वर निघून गेलं की आपल्या शस्त्राकडं बघून तिची तिलाच कीव यायची.

संध्याकाळचं ऊन खिडकीतून जायला लागलं तेव्हा पुन्हा पावलं वाजली. सावकाश. तिच्या मजल्यावर थांबली.

बेल वाजली.

तिची पाचावर धारण बसली. "कोण आहे?"

उत्तर नाही.

"कोण आहे म्हणते मी!"

बाहेर कुणीतरी बॅग खाली ठेवली. बोललं मात्र कुणी नाही. पुन्हा एकदा, अगदी हळू, बेल वाजली.

आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बोलणार कशा? आवाज कुठं आहे त्यांना! ती बिचारी बाई एवढा प्रवास करून दारात उभी, आणि आपण आतून दरडावतोय. तिचा जीव भांड्यात पडला. "आले, आले हो ताई!" म्हणत तिनं टेबल बाजूला ओढलं. वरची कडी काढली. खालची काढली. डोळे पुसले आणि दार आत ओढायला हात घातला, तेवढ्यात दुसऱ्या हातातला फोन थरथरला. ताईंचा निरोप होता.

"उघड दार. मी आलोय."