आखाजीचा मुराळी

चांदनीच्या फलाटावर, लिंबाच्या सावलीत दिगंबरने बहिणीचं गाठोडं ठेवलं आणि खिशातली दोन तिकिटं पुन्हा चाचपली. खंडव्याकडून येणारी पॅसेंजर लेट होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. आखाजीला लेकीने सासरी थांबायचं नसतं. भाऊ मुराळी होऊन येतो आणि तिला माहेरी नेतो. आईवडील गेल्यापासून मालूताईचं माहेर म्हणजे बऱ्हाणपुरातलं दिगंबरचं घर. तेरा वर्षं तो तिला न्यायला चांदनीला, तिच्या सासरी, येत होता. एकदा तर अंगात ताप घेऊन आला होता आणि तिनेच त्याला धरून गाडीत बसवलं होतं.

यंदा मुराळ्याच्या पोटात वेगळीच गोष्ट होती. घरून निघाल्यापासून ती ओठांवर येत होती आणि परत जात होती. शेवटी गाडी आणखी अर्धा तास येत नाही असं कळलं, तेव्हा त्याने घसा साफ केला.

दिगंबर गणिताचा मास्तर. महत्त्वाचं बोलायचं असलं की घरच्या माणसांशीही तो फळ्यापुढची भाषा बोलायचा. त्याने सगळं ओळीने सांगितलं. छप्पनच्या नोव्हेंबरात नवीन राज्य झालं, कागद नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले, आणि मराठी शाळेच्या मास्तरांना कुणी वाली राहिला नाही. तिकडे आफ्रिकेत, इथिओपियात, हिंदुस्थानातले मास्तर हवे आहेत. राहायला बंगला देतात, बायकापोरांचं बोटीचं भाडंही तेच भरतात. दिगंबरची निवड झाली होती, सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्याच्या बायकोने, शारदाने, तर मनाने बोटीत पाय ठेवलाच होता. तिथे थंडी असते असं कुणी तरी सांगितल्यामुळे ती भर उन्हाळ्यात, घाम पुसत, पोरांचे स्वेटर विणत बसली होती.

मालूताईने पोरांना तिथे दूध मिळेल का, एवढंच विचारलं. मिळेल म्हणाला. परत कधी येणार, तेही विचारलं. तीन वर्षांनी, नाही तर सहा. बरं, म्हणाली आणि रुळांकडे बघत राहिली.

तेव्हा दिगंबरने खिशातून किल्ली काढली. ही युक्ती त्याला चार दिवसांपूर्वी सुचली होती आणि तेव्हापासून तो स्वतःवर फार खूश होता. घर भाड्याने द्यायचं नाही, विकायचं तर नाहीच. कुलूप लावायचं आणि जास्तीची किल्ली ताईकडे द्यायची.

"आखाजीला ये, दिवाळीला ये, मनात येईल तेव्हा ये," तो म्हणाला. "घर तुझंच आहे."

मालूताईने किल्ली उलटीसुलटी करून पाहिली आणि तिला हसू आलं.

"म्हंजे कुलूप मीच उघडू. मंग आतून भाकरतुकडा आनू, दारात येऊन उभी राहू, आन् माह्यावरून मीच उतरून टाकू?"

दारात आलेल्या लेकीवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मगच ती उंबरठा ओलांडते. गेली तेरा वर्षं हे काम शारदा करत होती. दिगंबरने मांडलेल्या गणितात ही बाबच नव्हती.

"शेजारच्या आशाबाईंना सांगून ठेवतो," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली.

ताई रागावली नाही. तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. दूर सिग्नल पडला. तिने गाठोडं सोडून त्यातला सांजोऱ्यांचा डबा काढला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि गाठोडं पुन्हा बांधलं.

"हे पोराईले दे. औंदा मी येत नाही भाऊ."

दिगंबरची फळ्यापुढची भाषा पार विरघळली. "असं नको करू ताई. तू नको म्हन, मी सोमवारी नाही म्हनून कळवून टाकतो."

"नको कशाले म्हनू? पोराईचं भलं व्हते त्याच्यात, तू जाय. पन मले सवय कराले लागीन ना? तू इथं हाये तवर करून पाहाते. एकदम अंगावर पडलं तं सोसाचं नाही."

गाडी आली. चांदनीच्या चार-पाच लेकी आपापल्या भावांबरोबर उतरल्या, नव्या पातळांच्या घड्या सावरत. फलाटावर एकच गलका झाला. त्या गलक्यात ताईने दिगंबरला डब्यात चढवलं, ताप आला होता त्या वर्षी चढवलं होतं तसंच, आणि गाठोडं काखेत मारून ती गावच्या वाटेला लागली.

गाडी हलली. दिगंबर दारातच उभा होता. सांजोऱ्यांचा डबा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. वाटेवर त्या बायकांनी ताईला गाठलं. आखाजीच्या तोंडावर, काखेत गाठोडं घेऊन गावाकडे निघालेली बाई. ती आपल्यासारखीच माहेरी आली आहे असं त्यांना वाटलं असणार. एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, दुसरीने तिचं गाठोडं घेतलं, आणि सगळ्या मिळून बोलत चालू लागल्या. त्यांतली कोणती बाई सासरी परत चालली आहे, हे लांबून पाहणाऱ्याला ओळखता आलं नसतं.

गाडी वळेपर्यंत दिगंबर तिला ओळखत होता.