गाडीखालचं पाणी

मोहियोद्दीन गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि गाडीखाली बघतच राहिले. पुढच्या चाकामागे पाणी टिपकत होतं. छावणीतल्या त्या गल्लीत दुपारी अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती, इतकं ऊन. तरी गाडीखाली ताटाएवढं डबकं साचलं होतं.

गाडी घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. आयुष्यातली पहिली गाडी, आणि तीही राजेंद्रकडून घेतलेली. दोघांनी एकाच ऑफिसात एकमेकांच्या डब्यातलं खात नोकरी संपवली होती. दोस्ताकडून गाडी घेऊ नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं आणि मोहियोद्दीननी सगळ्यांना उडवून लावलं होतं. आज मुलीनं, अदीबानं, गाडी चालवली, एसी लावून बापलेक लासूर स्टेशनला थाटात जाऊन आले, आणि दारात आल्यावर हे.

मुलगी पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात त्यांनी राजेंद्रना व्हॉइस मेसेज पाठवून दिला. "गाडी गळकी आहे आणि मला सांगितलं नाय. परक्याला फसवायचं होतं राजेंद्र, मला कशाला? आजपासून माझ्या दारात येऊ नको." बोलताना त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. राग आला की ते फार स्वच्छ बोलत.

अदीबा बाहेर आली, तिनंही वाकून पाहिलं. तिला गाडी चालवता येत होती, गाडीतलं कळत मात्र काही नव्हतं. शहरातल्या गाडीशौकिनांच्या ग्रुपवर ती चार दिवसांपूर्वीच गेली होती आणि अजून तोंड उघडलं नव्हतं. तिनं डबक्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मी नवीन आहे. गाडीखाली पाणी येतंय. इंजिन गेलं का?"

पहिलं उत्तर लगेच आलं. शिवम नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "आधी ग्रुपमध्ये शोधत जा. उन्हाळा लागला की रोज कुणीतरी हेच विचारतं." पुढे हसून लोळणारे तीन चेहरे.

"बघ," मोहियोद्दीन म्हणाले. "आपलं वाटोळं झालं आणि लोकांना हसू येतंय."

थोड्या वेळानं दुसरं आलं, फर्दापूरच्या तात्यासाहेबांचं. "शिवम, तू स्वतः दोनदा विचारलं होतं, विसरला का? ताई, घाबरू नका. एसी लावला होता का? त्या पाण्याला बोट लावून बघा. रंग, वास, चिकटपणा काही नसंल तर ते एसीचंच पाणी. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं. ते टिपकायलाच पाहिजे. एसी लावून पण टिपकलं नाय, तर मला विचारा."

मोहियोद्दीननी बोट लावलं. वास घेतला. दोन बोटं एकमेकांवर घासली. साधं, गार, स्वच्छ पाणी.

आनंदानं हसायचं ते सोडून ते पायरीवर मटकन बसले. "अदीबा, पाठवलेला मेसेज परत घेता येतो ना?"

तिनं त्यांचा फोन हातात घेतला. "येतो अब्बा. पण हा त्यांनी ऐकलाय. माईक निळा झालाय."

तेवढ्यात राजेंद्रची स्कूटर गल्लीत वळली. डोक्याला पंचा गुंडाळलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. सिडकोपासून भर उन्हात आले होते. स्कूटर स्टँडवर लावून ते सरळ गाडीपाशी गेले, खाली वाकले, डबकं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"चावी दे," ते म्हणाले. "गाडी मी परत नेतो. आईशपथ मोहियोद्दीन, मला माहीत नव्हतं. आमच्या दारात हिचा कधी थेंब सांडला नाय."

"तू एसी लावायचा का?"

"एसी? नाय बा. बायकोला एसीनं शिंका सुटतात. बटण कुठंय ते पण मला धड ठाऊक नाय. त्याचं काय आता?"

मोहियोद्दीन उठले. "हे पाणी एसीचं आहे. एसी लावला की सगळ्यांच्या गाडीखाली येतं. गाडी चांगली आहे. मीच लई वाईट बोललो."

राजेंद्र पंच्यानं तोंड पुसत राहिले. "दोनदा ऐकलं मी," ते म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं, हा तुझा आवाजच नाय. म्हणून परत लावलं."

मोहियोद्दीननी राजेंद्रचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. राजेंद्र घरी गुपचूप बसला असता, फोन उचलला नसता, तर आपण काय केलं असतं? पण हा माणूस दारात येऊ नको म्हटल्यावरच आला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"माफ कर यार."

"मग चावी?"

"चावी देत नाय. तू पण कुठं जात नाय. बस आत, तुला तुझ्याच गाडीचा एसी दाखवतो."

दोघं पुढच्या सीटवर बसले. मोहियोद्दीनना गाडी चालवता येत नव्हती, पण चालू करून एसी लावण्यापुरतं त्यांनी शिकून घेतलं होतं. काच वर करता करता ते थांबले. "अदीबा, त्या तात्यासाहेबांना लिही, दोघांनी शुक्रिया म्हटलंय. मनापासून."

अदीबानं तसंच्या तसं लिहिलं. तात्यासाहेबांनी विचारलं, "दोघं कोण?"

तिनं काचेवर टकटक केली. आत दोघंही एकाच वेळी बोलत होते. अब्बांनी तिच्याकडे न बघताच हातानं खुणावलं, थांब जरा.